आरंभरेषेवरचे मानापमान

बेचाळीस किलोमीटर आणि वर आणखी १९५ मीटर धावावयाचे असताना पहिल्या पन्नास पावलांत कोण पुढे होता आणि कोण मागे, याने कोणाचे असे काय बिघडते, हा प्रश्न एखाद्या समंजस वाचकाने विचारला तर तो वाजवीच मानावा लागेल. कारण ज्या शर्यतीचा निकाल कोणाच्या बाबतीत सव्वादोन तासांनी तर कोणाच्या बाबतीत सहा-सात तासांनी लागावयाचा, तिच्या पहिल्या मिनिटावरून हमरीतुमरीवर यावे, हे वरकरणी पोरकटपणाचेच लक्षण होय. तरीही जगातील मोठमोठ्या मॅरेथॉन शर्यतींनंतर, आणि आपल्या मुंबईतल्या मॅरेथॉननंतरही, धावकांच्या तोंडून ज्या तक्रारी हमखास ऐकू येतात त्यांत चढ, ऊन आणि पाणी यांच्या जोडीने आरंभी पुढे येऊन उभ्या राहिलेल्या मंदगती मंडळींची तक्रार असतेच असते. या तक्रारीत राग पुष्कळ असतो आणि विचार थोडा असतो. म्हणून ती एकदा सावकाशीने तपासून पाहावी, असे मला बरेच दिवस वाटत आले आहे.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात जो जनसमुदाय गोळा होतो तो पाहण्यासारखा असतो. प्रत्येकाच्या छातीवर चार सेफ्टी पिनांनी टाचलेला कागदी बिल्ला असतो, ज्याला धावक बिब म्हणतात; त्यावर क्रमांक असतो आणि क्रमांकाच्या सोबतीला एक अक्षर, जे अर्जाबरोबर जोडलेल्या पूर्वीच्या शर्यतीच्या दाखल्यावरून मुक्रर केलेले असते. ज्याचा दाखला वेगाचा त्याला आधीचे अक्षर. ज्याचा सावकाशीचा, किंवा ज्याच्यापाशी दाखलाच नाही, त्याला नंतरचे. अक्षरागणिक रस्त्याचा एकेक तुकडा लोखंडी कठडे आणि दोऱ्या लावून राखून ठेवलेला असतो आणि दोरीचे टोक धरून कॉलेजातला एखादा पोरगा अपुऱ्या झोपेचे डोळे चोळीत उभा असतो. हवेत मलमाचा उग्र वास भरलेला असतो, मुताऱ्यांपुढच्या रांगा काही केल्या सरत नसतात, आणि तेवढ्यात नंतरच्या अक्षराचे एक मध्यमवयीन गृहस्थ दोरीखालून वाकून आत शिरतात. "काका, तुमचा सेक्शन मागे आहे," पोरगा म्हणतो. "अरे, माझे मित्र आहेत पुढे. काय फरक पडतो?" असे म्हणून काका त्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि पुढे निघून जातात. पोरगा गप्प राहतो. वडीलधाऱ्या माणसाला दोरी आडवी धरून थांबवावे, हे त्याला ना घरी कोणी शिकविलेले असते ना आयोजकांच्या तासाभराच्या प्रशिक्षणात. काकांच्या मागोमाग त्याच वाटेने आणखी दहाजण येतात. मग बंदूक उडते, आणि दोनशे-तीनशे पावलांवर असे दृश्य दिसते की चौघे मित्र खांद्याला खांदा लावून, एकाने मोबाइल उंच धरलेला, रस्त्याच्या मधोमध हसतखेळत चालले आहेत आणि पाठीमागून "साइड, साइड!" असा पुकारा करीत येणारे लोक त्यांच्या दोन्ही अंगांनी पुरात सापडलेल्या ओंडक्यांसारखे आदळत, वळत, घसरत निघाले आहेत.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर त्रैराशिकाने देता येते. तीन तासांत मॅरेथॉन पुरी करणारा मनुष्य ताशी चौदा किलोमीटर धावतो. सहा तास घेणारा ताशी सात. दोघांच्या वेगांतील तफावत ताशी सात किलोमीटरांची, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन मीटरांची. मंदगती धावक शंभर मीटर पुढे उभा राहिला, तर द्रुतगती धावक त्याला मिनिटाच्या आत गाठतो. म्हणजे आगाऊपणा करून मिळविलेले अग्रस्थान मिनिटभरही टिकत नाही. मात्र तेवढ्या अवधीत मागून येणाऱ्याला थबकावे लागते, बाजूला व्हावे लागते आणि गेलेला वेग पुन्हा मिळवावा लागतो, आणि अशी माणसे पुढे एक नसून पाचशे असली तर हा उपद्व्याप त्याला पहिले दोन-तीन किलोमीटर अखंड करावा लागतो. शर्यतीचा मार्ग मोजण्याची रीतही येथे ध्यानात घ्यावयास हवी. प्रमाणित मॅरेथॉनचा मार्ग मोजतात तो सायकलच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचे मोजणीचे यंत्र लावून, वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर राखून, जी सर्वांत आखूड वाट पायी धावणाऱ्याला कायदेशीरपणे घेता येईल त्या वाटेने. आणि मार्ग चुकूनही तोकडा भरू नये म्हणून हजारी एक या हिशेबाने बेचाळीस मीटर वर घालून. या आखूड वाटेने धावणे हा प्रत्येक स्पर्धकाचा हक्क आहे. जो गर्दीतून नागमोडी वाट काढतो तो बेचाळीस किलोमीटर १९५ मीटरांहून अधिक धावतो, आणि या अधिकाची नोंद कोठेही होत नाही.

याहून मोठा खर्च शरीराच्या खजिन्यातून होतो. स्नायूंत आणि यकृतात साठविलेली शर्करा ही लांब पल्ल्याच्या धावकाची शिल्लक. सम गतीने धावणारा ती काटकसरीने वापरतो, आणि थबकत-उसळत धावणारा उधळतो. ही उधळपट्टी पहिल्या तासात जाणवत नाही. पस्तीस किलोमीटर सरल्यानंतर, परतीच्या वाटेवर, ऊन चढलेले असताना पेडर रोडचा चढ समोर उभा राहतो, तेव्हा हिशेबाची वही उघडते आणि पहाटे खर्ची पडलेल्या रकमा एकेक करून वसूल होऊ लागतात. येथे गंमत अशी की हीच वसुली पुढे घुसलेल्या काकांकडूनही होते, आणि किंबहुना अधिक निष्ठुरपणे होते. कारण वेगवान लोकांच्या लोंढ्यात सापडलेला मंदगती धावक स्वतःच्या नकळत पहिले तीन-चार किलोमीटर आपल्या ऐपतीबाहेरच्या गतीने धावतो. किलोमीटरला साडेआठ मिनिटे घेणाऱ्याने सहा मिनिटांत तो उरकावा, आणि तेही तीनदा लागोपाठ, हा जो अपराध त्याने पहाटे केला त्याची शिक्षा त्याला माहीमपासून पुढे भोगावी लागते. तेव्हा त्याला कोणी सांगत नाही की बाबा रे, तुझे दुखणे आरंभरेषेवरचे आहे.

पुढे आणि मागे हा भेद मुळात अर्वाचीन आहे. १९ एप्रिल १८९७ रोजी बोस्टनची पहिली मॅरेथॉन ॲशलँड नावाच्या गावी सुरू झाली, तेव्हा टॉम बर्क या गृहस्थाने, जो आदल्याच वर्षी अथेन्सला शंभर आणि चारशे मीटरांच्या शर्यती जिंकून आला होता, बुटाच्या टाचेने धुळीत एक रेघ ओढली, पंधरा माणसे त्या रेघेशी उभी राहिली, आणि त्याने तोंडाने हाक देऊन त्यांना सोडले. पंधरा माणसांत अग्र कोणते आणि पिछाडी कोणती? १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले बेचाळीस किलोमीटर ७५० मीटरांची मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे मैदान आणि दोराबजी टाटांचा पुढाकार यांतून उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या तुकडीतील या धावकाला आरंभी कोणत्या ओळीत उभे केले होते, हे कोणी नोंदवून ठेवलेले नाही, कारण तसे नोंदविण्याची कोणाला गरज भासली नाही. जो तेथवर पोहोचला तो निवडलेलाच मनुष्य होता, आणि निवडलेल्या माणसांच्या वेगांतील अंतर थोडे असते.

गर्दी आली ती पुढे पन्नास वर्षांनी. १९७० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पहिली मॅरेथॉन झाली तेव्हा १२७ जणांनी नावे नोंदविली आणि ५५ जणांनी ती पुरी केली. सहा वर्षांनी हीच शर्यत शहराच्या पाचही विभागांतून धावू लागली, आणि पाहता पाहता व्हेराझानो पुलावरचा तिचा प्रारंभ हा जत्रेचा देखावा झाला. त्याच १९७० साली बोस्टनच्या आयोजकांनी हजाराच्या पलीकडे गेलेली स्पर्धकांची संख्या पाहून असा दंडक घातला की चार तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करू शकेल त्यानेच नाव द्यावे. एका शहराने दार उघडले त्याच साली दुसऱ्याने उंबरठा उंच केला, आणि हे दोन्ही निर्णय आपापल्या जागी विवेकाचे होते. १९८१ मध्ये लंडन, १९८३ मध्ये पुणे, १५ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबई, अशी ही शर्यत जसजशी शहरोशहरी पसरली तसतसे तिच्यात दोन वेगळ्या जातींचे समुदाय एकाच रस्त्यावर आले. एकाला ती शर्यत वाटत होती, दुसऱ्याला उत्सव.

हे दोन समुदाय एका दोरीमागे उभे केले म्हणजे काय होते, याचे उदाहरण बोस्टनमध्येच १९८७ साली घडले. हॉपकिंटन गावातला तेथील आरंभीचा रस्ता अरुंद आणि उताराचा. मागच्या जमावाने पुढे येऊ नये म्हणून रेषेवर दोरखंड ताणून धरला होता. बंदूक उडाली आणि दोरखंड वेळेवर हटला नाही. पहिल्या ओळीत उभा असलेला ऑस्ट्रेलियाचा रॉब डी कॅस्टेला, ज्याने आदल्या वर्षी हीच शर्यत जिंकली होती, त्या दोरखंडात अडकून पडला. तो उठून धावला आणि सहावा आला, हा त्याचा धीर. परंतु जगातल्या उत्तमोत्तम धावकाला जमावाच्या बंदोबस्तासाठी लावलेल्या दोरीने पाडावे, यातला उपरोध कोणाच्याही ध्यानी यावा. त्याच दिवशी त्याच उतारावर चाकाच्या खुर्च्यांवरील स्पर्धकांची एकमेकांवर आदळून पाडापाड झाली, आणि त्यानंतर त्यांच्या आरंभीच्या वेगाला लगाम घालण्याची तजवीज करण्यात आली.

त्या काळी मागे उभे राहण्याला एक खरीखुरी शिक्षा होती, हे मात्र प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सर्वांचे घड्याळ बंदुकीच्या बारापासून चाले. रेषेपर्यंत पोहोचायला पाच-दहा मिनिटे लागली तर ती तुमच्या खाती मांडली जात. अशा स्थितीत पुढे घुसणाऱ्याला दोष देणे म्हणजे ज्या सरकारी दफ्तरात टोकन नाही तेथे खिडकीपाशी रेटारेटी करणाऱ्याला असंस्कृत ठरविण्यासारखे झाले असते. पण १९९६ साली बोस्टनने आपल्या शंभराव्या शर्यतीसाठी अडतीस हजारांच्या आसपास स्पर्धक घेतले आणि प्रत्येकाच्या बुटाला एक इवलीशी चकती बांधून दिली. रेषेवर अंथरलेल्या चटईवरून ती चकती गेली की त्या माणसाचे स्वतःचे घड्याळ सुरू होई. आज ती चकती बिबच्या पाठीमागे चिकटविलेल्या पट्टीच्या रूपाने तुमच्याआमच्या गल्लीतल्या शर्यतीतही आली आहे. तुम्ही दहा मिनिटे उशिरा निघालात तर तुमचे घड्याळही दहा मिनिटे उशिराच सुरू होते. पारितोषिकाच्या क्रमांकांसाठी बंदुकीपासूनची वेळ धरण्याचा शिरस्ता कायम आहे, आणि तो योग्यही आहे, कारण जिंकणाऱ्याने डोळ्यांदेखत जिंकले पाहिजे. परंतु शंभरातल्या नव्याण्णवांना त्या शिरस्त्याशी कर्तव्य नसते. सबब उरली नाही, तरी सवय उरली.

ती का उरली, याची काही कारणे निरुपद्रवी आहेत. कोणाला प्रारंभीच्या कमानीखालचा फोटो हवा असतो. कोणाला मित्रांची सोबत सोडवत नाही. प्रथमच आलेल्या कित्येकांना बिबवरचे अक्षर हे शोभेचे असते असे वाटते. काही कारणे हिशेबी आहेत: अनेक लहान शर्यतींत वयोगटांची बक्षिसेदेखील बंदुकीपासूनच्या वेळेवर देतात, आणि ज्याला पंचावन्न वर्षांवरील गटात तिसरे यायचे आहे त्याने पुढे धडपडू नये, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे? याखेरीज अर्जातील 'अपेक्षित वेळ' या रकान्यात जे काही लिहिले जाते ते, बऱ्याच जणांच्या बाबतीत, आशा आणि असत्य यांच्या सीमेवरचे लेखन असते. आणि सर्वांत शेवटी येतात ते निमंत्रित: प्रायोजकांचे पाहुणे, स्थानिक पुढारी, पडद्यावरचे ओळखीचे चेहरे, ज्यांना पहिल्या ओळीत उभे करणे ही आयोजकांची गरज असते आणि ज्यांपैकी काहीजण दुसऱ्या वळणावर गाडीत बसतात.

पण या सर्व कारणांच्या तळाशी आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती या मंडळींच्या स्वभावदोषापेक्षा पुष्कळ जुनी आहे. पुढचे स्थान हे मानाचे स्थान, ही आपली वहिवाट आहे. पुण्यात अनंत चतुर्दशीला कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच गणपती लक्ष्मी रस्त्याने सर्वांच्या पुढे निघतात. ते कितीही संथ गेले, प्रत्येक चौकात ढोलपथकांचा कितीही वेळ खेळ चालला, तरी मागच्या शेकडो मंडळांनी त्यांना ओलांडून जायचे नसते, आणि चोवीस तास उलटून गेले तरी मिरवणूक संपत नाही म्हणून पोलीस दरवर्षी चिंतेत असतात. या व्यवस्थेवर हरकत घेणारे आहेत, पण मिरवणुकीचा धर्मच असा आहे की तेथे क्रम हा परंपरेने ठरतो आणि गती ही क्रमाला शरण जाते. जो समाज वर्षानुवर्षे मिरवणुकीत वाढला, ज्याच्या सभागृहांत पहिली रांग पाटी लावून राखलेली असते आणि जेवणावळीत ज्याला मानाचे पान ठाऊक आहे, त्याच्या मनात आरंभरेषेविषयी दुसरी भावना कोठून यावी? काका पुढे जातात तेव्हा ते कोणाला फसवीत नसतात. तीन महिने पहाटे उठून सराव केला, वजन उतरविले, डॉक्टरांचा सल्ला घेतला, आता आपला थोडा मान आहे, आणि तो मान घ्यायची जागा पुढे आहे, एवढेच त्यांच्या ध्यानात असते. शर्यतीचा धर्म याच्या नेमका उलट असून तेथे गती अगोदर आणि क्रम नंतर, ही गोष्ट त्यांना कोणी समजावून दिलेली नाही.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की मग मंदगती माणसाने आधी निघणे हेच मुळी निंद्य आहे काय. मुळीच नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात स्टॉवेल या गावी १८७८ पासून ईस्टरच्या सुमारास एक शर्यत होत आली आहे, जिच्यात हिरवळीवर १२० मीटर धावावयाचे असते आणि जो जितका मंद त्याला तितके मीटर पुढून सोडतात. सर्वांत वेगवान धावक मूळ रेषेवरून निघतो, आणि हिशेब अचूक असेल तर सगळे एकदमच अंतिम रेषेवर यावेत अशी योजना असते. ती योजना इतकी कसून बसविलेली आहे की मूळ रेषेवरून निघून ती शर्यत जिंकणारा पहिला मनुष्य, मादागास्करचा ज्याँ-लुई राव्हेलोमानान्त्सोआ, १९७५ साली निघाला. कॅलिफोर्नियात मिल व्हॅलीपासून समुद्रकाठच्या स्टिन्सन बीचपर्यंत डोंगरावरून धावणारी डिप्सी शर्यत १९०५ पासून चालू आहे. तिच्यातही मुले, स्त्रिया आणि वृद्ध यांना वयाच्या मानाने काही मिनिटे अगोदर सोडतात, आणि परिणामी आठ वर्षांच्या मुलीपासून बहात्तर वर्षांच्या गृहस्थापर्यंत माणसांनी ती खुलेपणाने जिंकली आहे. जंगलातल्या पाऊलवाटेवर आणि सहाशेंहून अधिक पायऱ्यांवर मागून येणारे वेगवान तरुण आधी निघालेल्या म्हाताऱ्यांना ओलांडून जातात, आणि कोणी कोणावर खेकसत नाही, कारण आधी निघण्याचा हक्क नियमाने दिलेला आहे आणि तो सर्वांना आगाऊ ठाऊक आहे. खुद्द बोस्टनने २००४ पासून अव्वल दर्जाच्या स्त्रियांना सर्व पुरुषांच्या अगोदर स्वतंत्रपणे सोडण्यास सुरुवात केली, म्हणजे त्यांची आपसांतली चुरस पुरुषांच्या घोळक्यात हरवू नये. तेव्हा दोष अगोदर निघण्यात नाही. सवलत जाहीर असली की ती व्यवस्था होते आणि चोरून घेतली की अतिक्रमण होते.

मला या प्रकरणात खरोखर अस्वस्थ करणारी बाजू दुसरीच आहे, आणि वेगवान धावक आपल्या रागाच्या भरात तिच्याकडे फारसे पाहत नाहीत. मंदगती माणसाला पुढे यावेसे वाटते त्याचे एक कारण मानाचे नसून भीतीचे आहे, आणि ही भीती सकारण आहे. प्रत्येक मॅरेथॉनला मुदत असते. मुदत टळली की रस्ता वाहनांना खुला होतो, पाण्याची टेबले आवरली जातात, मागून एक बस येते आणि तिचा वाहक आदराने पण निश्चयाने सांगतो, "बसा आता." जर ही मुदत बंदुकीच्या बारापासून मोजली, आणि शेवटच्या अक्षराच्या माणसाला रेषेपर्यंत पोहोचायलाच पंधरा मिनिटे लागली, तर त्या माणसाला सात तासांऐवजी पावणेसात तासच मिळाले. ज्याला वेळेची गरज सर्वांत जास्त त्याच्याच वेळेतून कापून घ्यायचे, आणि ज्याचे अडीच तासांत आटोपणार आहे त्याला पुरी मुदत द्यायची, हा न्याय उफराटा आहे.

याचे सर्वांत कठोर रूप दक्षिण आफ्रिकेत पाहावयास मिळते. दरबान आणि पीटरमारिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये १९२१ पासून धावली जाणारी कॉम्रेड्स ही सुमारे नव्वद किलोमीटरांची शर्यत, जिला भारतातूनही, आणि मुंबई-पुण्यातून विशेषेकरून, बरेच धावक हौसेने जातात. या शर्यतीची मुदत बारा तासांची, आणि ती दीर्घकाळ बंदुकीपासून बंदुकीपर्यंत मोजली गेली. पूर्वीच्या मॅरेथॉनच्या वेळेवरून स्पर्धकांचे गट पाडतात. शेवटच्या गटातल्या माणसाची कित्येक मिनिटे रेषा ओलांडण्यापूर्वीच गेलेली असत, आणि ती त्याला कोणी परत देत नसे. बारा तास पुरे होत आले की एक अधिकारी अंतिम रेषेवर येणाऱ्या धावकांकडे पाठ करून उभा राहतो, कोणाचा चेहरा पाहून त्याचा हात अडखळू नये म्हणून, आणि बरोबर ठरल्या क्षणी बार काढतो. माणसांची साखळी रेषा बंद करते, आणि जो एका सेकंदाने, एका पावलाने मागे राहिला त्याच्या नव्वद किलोमीटरांची नोंद होत नाही, त्याला पदक मिळत नाही. दूरचित्रवाणीवर हे दृश्य लाखो लोक पाहतात आणि त्या नियमाच्या निर्दयतेतच त्या शर्यतीचे तेज आहे असे मानणारे पुष्कळ आहेत. तेज असेल, मी ते नाकारीत नाही. परंतु त्या शेवटच्या माणसाच्या हातून जी एक-दोन मिनिटे निसटली ती त्याने डोंगरात गमावली की पहाटे अंधारात, पुढच्या गटांच्या पाठी मोजत उभा असताना गमावली, हे तो अधिकारी पाठ फिरवून उभा असल्यामुळे पाहू शकत नाही, आणि नियम करणाऱ्यांनाही ते बरीच वर्षे पाहावेसे वाटले नाही. अशा शर्यतीत मागच्या गटातला एखादा इसम दोरीखालून पुढच्या गटात शिरला, तर मी त्याला चुकीचे म्हणेन, पण मुंबईतल्या काकांच्या पंक्तीला बसवणार नाही.

म्हणून माझा निर्णय, वेगवान धावकांना तो रुचला नाही तरी, असा आहे की या कज्जात मुख्य प्रतिवादी मंदगती धावक नसून आयोजक आहे. त्याने अक्षरे वाटली पण अक्षरांची अंमलबजावणी एका झोपाळलेल्या पोरावर सोपविली. त्याने दाखले मागविले पण त्यांची रुजुवात केली नाही. सर्वसामान्यांना त्याने शिस्तीचे पत्रक धाडले आणि निमंत्रितांना मागच्या दाराने पहिल्या ओळीत आणून उभे केले. मग पत्रक वाचणाऱ्याने त्या पहिल्या ओळीकडे पाहून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. जेथे आयोजकांनी मनावर घेतले तेथे हा प्रश्न सुटतो, हे बोस्टनने दाखवून दिले आहे: बिबचा क्रमांकच पात्रतेच्या वेळेवरून लावायचा, स्पर्धकांना हजारोंच्या लाटांत काही मिनिटांच्या अंतराने सोडायचे, आणि चुकीच्या कोंडवाड्याच्या तोंडाशी आलेल्याला, तो कोणीही असो, परत पाठवायचे. तेथे मागे पाठविलेला मनुष्य अपमान मानीत नाही, कारण त्याच्यापुढे कोणी बिनहक्काचा उभा नसतो.

मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, नागपूर, जेथे जेथे आता थंडीच्या दिवसांत रविवारी पहाटे रस्ते बंद होतात, तेथील आयोजकांना एवढेच विनवायचे आहे की मुदतीचे घड्याळ शेवटच्या गटातला शेवटचा स्पर्धक चटई ओलांडील त्या क्षणापासून मोजावे, आणि हे पहिल्या पत्रकात ठळक अक्षरांत छापावे. निमंत्रितांसाठी मुख्य शर्यतीनंतर निघणारी हौशी दौड आहे, त्यांना तेथे सन्मानाने उभे करावे. दोरी धरायला पोरांबरोबर चार जाणती माणसे ठेवावीत. आणि वाचकहो, तुमच्यापैकी जे या मोसमात अर्ज भरणार असतील त्यांनी अपेक्षित वेळेच्या रकान्यात खरी वेळ लिहावी, ती सहा तासांची असली तरी सहा तासच लिहावी, आणि बिबवर जे अक्षर छापून येईल त्या अक्षराच्या दोरीमागे जाऊन उभे राहावे.